न पडणारा ट्रे

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. (साष्टांगाला खोलीत जागा नाही, चौघं झोपतो. उभ्यानेच घे.)

स्कॉलरशिप मिळाली ही बाबांना मारलेली थाप तुझ्या भरवशावर टिकून आहे. फीसाठी मी संध्याकाळी हॉटेलात वेटर असतो हे कळलं तर संपलंच. शिकताना कामाला लागलास तर कॉलेज बंद, असं त्यांनी बजावलंय. त्यांचं स्वतःचं तसंच सुटलं ना.

आता नवी भानगड. कॉलेजात सिनेमाचं शूटिंग आलंय, विनोदी. त्यातली पोरं फीसाठी मिळेल ते काम करतात आणि सगळीकडे घोळ घालतात. मला वेटर केलाय. हिरोचा धक्का लागला की ग्लासांचा ट्रे पाडायचा, बस. ताई, पडतच नाही. हात आपोआप सावरतो. एक ग्लास फुटला की आमचा मालक आठवडाभर घालूनपाडून बोलतो, ते हाताला पाठ झालंय. डायरेक्टर वैतागले. शेवटी जोर लावून पाडायला गेलो तर मीच आडवा झालो आणि ट्रे वर तसाच. त्यांनी हसत हसत तेच ठेवलं.

म्हणजे माझं तोंड पडद्यावर. बाबा अजून सिनेमाला जात नाहीत ना? लगेच लिही.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा पुरव.
तुझा उपद्व्याप


११ ऑगस्ट

चि. उपद्व्यापास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

बाबा जात नाहीत. पण ते कंडक्टर आहेत, अख्खं गाव त्यांच्या बसमध्ये चढतं. कुणीतरी सांगेलच. त्याआधी तूच सांग. सिनेमा लागेपर्यंत मी गप्प बसेन, पुढे नाही.

जेवत जा.
ताई


५ फेब्रुवारी

ताई,
नमस्कार नंतर, आधी ऐक. सिनेमा शुक्रवारी लागतोय आणि पोस्टरवर मी आहे, ट्रेसकट. बसस्टँडवर लागेल ते. बाबांच्या गुडघ्याचं निमित्त करून त्यांना घरी बसव. त्यांना पत्र लिहायला कितीदा बसलो, 'तीर्थरूप'च्या पुढे पेन सरकत नाही. परीक्षा तोंडावर आहे आणि पुस्तकात मला बाबाच दिसतात.

लोभाचं तूच बघ.
उपद्व्याप


१३ फेब्रुवारी

चि. भावास,
आशीर्वाद. धपाटा बाबा आणतायत.

बाबांनी पोस्टर पाहिलं. घरी आले, मला म्हणाले, चप्पल घाल. तसेच गणवेशात थिएटरात. तू पडलास तेव्हा सगळे हसले, बाबा सोडून. शेजारचा माणूस म्हणाला, काय गाढव पडलंय. बाबा त्याला म्हणाले, ट्रे बघा, ट्रे पडला नाही.

येताना मी सगळं सांगितलं. खूप बोलले मला. कॉलेजचं विचारलं तर म्हणाले, आधी परीक्षा दे म्हणावं, भांडू मग. रविवारी तुझ्या हॉटेलात येतायत. तुझ्याच टेबलावर बसणार. ऑर्डर काय द्यायची ते मला सारखं विचारतायत.

ट्रे घेऊन येशील तेव्हा त्यांच्याकडे बघू नकोस. या वेळी खरंच पडेल.

लोभ वाढलाय, दोन्ही हातांनी धर.
ताई