उन्हात न दिसणारा जाळ

निगडी, मंगळवार, संध्याकाळ

आज चाकणच्या शेडमध्ये मिथेनॉल निघालं. बाजारातला सडका कांदा आणि शेण कुजवायचं, त्या गॅसपासून इंधन करायचं, हा ह्यांचा शेवटपर्यंतचा ध्यास. हे जाऊन वर्ष झालं. आजवर नळीतून नुसतं पाणी यायचं.

आमचे जुने फिटर दत्तोबा, त्यांनी वाटीत थोडं घेऊन उन्हात काडी लावली. काहीच दिसेना.

"पेटलं न्हाई, वैनी."

मी वर कागद धरला. क्षणात काळा पडला. हा जाळ उन्हात दिसत नाही, हे ह्यांनीच सांगितलं होतं.

दत्तोबा केवढे हसले! "मंग आता शेड इकायची न्हाई ना?"

काही निघत नाही म्हणून गेल्याच आठवड्यात मी ती गोदामवाल्याला देऊ केली. सही राहिलीय.

"शब्द दिलाय, दत्तोबा."

"आवो, पर आता निघालंय की!"

वाटीत तो न दिसणारा जाळ चालूच होता.

एक आठवडा थांबले असते तर? शब्द फिरवणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. आज फिरवावासा वाटतोय. फिरवणार नाही. शेड रिकामी करायची, तर उद्या यंत्र सुटं करायला दत्तोबांनाच सांगायचंय, आणि ते मलाच सांगावं लागणार.