ब्रेकचा दिवस

मोहने,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. करिश्मा हिला आजीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सगळे मजेत आहोत, असं तुझ्या धाकट्या बहिणीने, ऋतिकाने, मी तोंड उघडायच्या आधीच लिहून टाकलंय. खोड म्हटलं, तर म्हणते, पत्र असंच सुरू होतं. असेल बाय. मी काही आयुष्यात एकही वाचलेलं नाही.

फोन केला की तू "आजी, ड्युटीवर आहे" म्हणतेस आणि ठेवतेस. रविवारी ड्युटी, सणाला ड्युटी. ठाण्याच्या त्या खाजगी दवाखान्यात बाकीच्या सगळ्या झोपा काढतात काय गो? म्हणून हा कागद. तुझा भाऊ उद्या कामावर जाताना तुझ्या हॉस्टेलवर देईल. दिपेश निदान पोस्टमन म्हणून तरी उपयोगी पडू दे.

माझे गुडघे अजून माझेच आहेत, कोणी मागायला आलं नाही. वालाचं बिरडं केलेलं, तुझ्या वाटणीचं ऋतिकाने खाल्लं. ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शिकायला म्हणून तिला इथल्या सरकारी दवाखान्यात, तुझ्याच जुन्या वॉर्डात पाठवलंय. विचारलं, काय शिकलीस? म्हणते, "आजी, शिकवायला कोणी असेल तर शिकणार ना." बेचाळीस खाटा, एक सिस्टर आणि ह्या दोन शिकाऊ पोरी. सिस्टर एका टोकाला गेली की दुसऱ्या टोकाला ऋतिकाच सिस्टर. पेशंट तिला "मॅडम" म्हणतात, आणि ती घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारते, आज माझं काही चुकलं नसेल ना? (हे लिहू नको म्हणत होती. लिहायला लावलं.)

गुरुवारी वैशाली सिस्टर घरी आली होती. तुझी इन्चार्ज, जिचं नाव काढलं की तू ताटावरून उठायचीस. बसली, पाणी प्यायली, चहा नको म्हणाली. म्हणे, "आजी, मंगळवारी नर्सच्या भरतीच्या मुलाखती आहेत. गेल्या वेळी सात जणी घेतल्या, दिवाळीपर्यंत पाच सोडून गेल्या. करिश्माला पाठवा. तिच्यासाठी मी साहेबांशी बोलते." जाताना दारात वळून म्हणाली, "ती माझ्यावर का रागावलीय, तेवढं तरी कळलं असतं."

मला माहीत होतं. चपला घालायला तिला हात दिला फक्त.

आता ते सांगते. ऋतिका, पेन नीट धर.

तुमच्या नोकरीचा तो खेळ मला पहिल्यापासून कळला नाही. अकरा महिने काम, मग एक दिवस वहीतून नाव काढायचं, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर देऊन परत घालायचं, म्हणजे कायम करायला नको. त्याला तुम्ही ब्रेक म्हणता. तू त्या दिवशी केस धुवायचीस. तसाच तो दिवस होता. शेजारची शेवंती तुझ्याच वॉर्डात दम लागून पडलेली, मी तिच्या उशाशी. सलाईन संपलं, तिचे ओठ काळे पडायला लागले. सिस्टर पलीकडे एका पोराला धरून बसलेली. डॉक्टरने इंजेक्शन लिहून ठेवलेलं, द्यायला हात नाही. मी तुला फोन लावला. "ये गो, शेवंती जाते." तू ओल्या केसांनी आलीस. सलाईन बदललंस, इंजेक्शन दिलंस. शेवंती संध्याकाळी गेलीच.

औषध बरोबर होतं, हे पुढे चौकशीच्या कागदातही आलं. पण तिच्या मुलांनी विचारलं, इंजेक्शन कोणी दिलं? वहीत बघितलं तर त्या दिवशी तू कोणीच नव्हतीस.

तुला वाटतं, वैशालीने तुझ्याविरुद्ध जबाब दिला. तिने नाही दिला. मी दिला.

चौकशीचे साहेब घरी आलेले, तू कल्याणला गेलेलीस. चांगला माणूस. मला आई म्हणाला. मला वाटलं, नातीची तारीफ ऐकायला आलाय. मग काय, माझी जीभ! "आमच्या करिश्माला सुट्टी माहीत नाही साहेब. ब्रेकच्या दिवशीपण जाते. तिला कोणी बोलवावं लागत नाही, आपल्या मनाने जाते." फोन मी केला, हे सांगितलंच नाही. त्याने तुझा मोठेपणा एवढासा झाला असता ना. त्यांनी सगळं लिहिलं, मला वाचूनही दाखवलं. मला कोणी फसवलं नाही, बाय. मी हसत हसत अंगठा दिला, वर बोंबील तळून वाढले.

"परवानगी नसताना आपल्या मनाने आली," असा ठपका ठेवून तुला काढलं. आणि तूही चौकशीत कुणाला सांगितलं नाहीस की आजीने बोलावलं. मला वाचवायला गप्प राहिलीस. ते कळलं तेव्हापासून घास गोड लागत नाही.

ऋतिका पेन ठेवून बसली होती, आत्ता परत धरलंय. तिलाही आत्ताच कळतंय. म्हणते, "आजी, मी पास झाले की मीपण इथून जाणार." जा म्हटलं. मग बेचाळीस खाटांना कोण, ते मला विचारू नका. त्यातली एक खाट उद्या माझी असेल, एवढं मला दिसतं.

हे पत्र मी तुला मंगळवारी ये म्हणून सांगायला घेतलेलं. साहेबांपुढे जाऊन खरं सांगीन, असं ठरवलेलं. पण बोलता बोलता माझंच मला कळलं. तू आलीस तर परत अकरा महिने आणि परत तो एक दिवस. त्या दिवशी परत कोणी शेवंती माझ्यासमोर तडफडली, तर मी फोन करणार. स्वतःला ओळखते मी. आणि तू ओल्या केसांनी येणार.

येऊ नको.

वैशालीला फोन कर, तेवढं कर. तिचा काही गुन्हा नाही. दिपेश म्हणतो, तू जर्मनीची भाषा शिकतेस. शिक, जा. तिथून मी बोलावलं तरी तुला पोचता येणार नाही, एवढं लांब जा.

खाली अंगठा माझा आहे. घरात शाई सापडली नाही, ऋतिकाचं काजळ लावलंय. ह्या वेळी हसले नाही.

तुझी आजी,
सखुबाई