सामाईक रकाना

३ तारीख, सोमवार
आले एकदाची या महिला वृद्धनिवासात. खोली सात. खिडकी मोठी, चादर स्वच्छ, तक्रारीला जागाच नाही, हीच काय ती तक्रार. शेजारी आठ नंबरच्या आजी. बसायच्या आत विचारतात, मुलंबाळं किती? लग्नच केलं नाही म्हटल्यावर मला धीर द्यायला लागल्या. त्यांचा लेक दर रविवारी येतो, हे तीनदा ऐकवलं.

५, बुधवार
कचेरीतल्या कारकूनबाई कॉम्प्युटरपुढे कपाळ धरून बसलेल्या. एक तक्ता रहिवाशांचा, दुसरा नातेवाइकांचा, आणि खोली क्रमांकाचा रकाना दोन्हीकडे. एकच गोष्ट दोनदा? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये यासाठी हातावर पट्टी बसली असती. त्यांना बाजूला करून मी नातेवाइकांकडचा तो रकाना पुसला आणि तक्ते एकत्र केले. बारा बायका, नऊ नातेवाईक. यादी झाली एकशे आठ ओळींची. प्रत्येकीपुढे प्रत्येक जण. कारकूनबाईंनी चाचरत विचारलं, आता कोण कुणाचं हे कशावरून कळायचं? मला शिकवू नका, म्हटलं. जुनी प्रतही मीच पुसली होती. तेवढं सांगितलं नाही.

९, रविवार
आजींचा लेक आला. आठ नंबर सोडून सरळ माझ्या सात नंबरच्या खोलीत. आई, गुडघा कसा आहे, म्हणाला. माझा चष्मा स्वतःच्या शर्टाला पुसून दिला. भिंतीपलीकडे आजी त्याची चाहूल घेत खोकत होत्या. मी गुडघा बरा आहे म्हटलं. पाच मिनिटांनी तो आजींकडे गेला, मग बाकीच्या खोल्यांत; प्रत्येकीला आई म्हणाला. भेटीचा एक तास, बारा वाटे.

१६, रविवार
आज नऊही जण सगळ्या खोल्यांतून फिरले. कारकूनबाईंना यात वावगं दिसत नाही. यादीत तसंच आहे, म्हणतात. आजींनी लेकाला विचारलं, आपण कोण? आणि मला तो जन्मला ती सकाळ आठवते. कळांसकट. मला.

१९
आजी विचारत होत्या, मला कुणी होतं का हो? मी मान फिरवली. लाज वाटते — रविवारची वाटही बघते —

२२
खरं फक्त मला ठाऊक आहे. मी विसरले की संपलं. रकाना परत घालायचा. आजींच्या लेकाच्या नावापुढे एक आकडा, बस. आधी इथे वहीत लिहिते, मग कचेरीत. आजी दारात उभ्या. काही मागत नाहीत, नुसत्या —

तो तापाने फणफणला तेव्हा रात्रभर मीच जागले होते.

नाही. त्या. त्या जागल्या.

लिहिते. खोली क्रमांक सा—