तीन दिवसांच्या हजेरीसाठी मला दोषी ठरवण्याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव,
पीएच.डी. विभाग, विद्यापीठ कार्यालय

अर्जदार : संशोधक विद्यार्थिनी, रसायनशास्त्र विभाग, खोली क्र. ११

विषय : पीएच.डी.साठी कमी पडणारी तीन दिवसांची हजेरी मिळण्याबाबत, व त्याकरिता मला दोषी ठरवण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २० फेब्रुवारी
२) माझा खुलासा, दि. २२ फेब्रुवारी (खोटा)
३) आपले हजेरीच्या तुटीचे पत्र, दि. ४ नोव्हेंबर

महोदय,

१. रसायनशास्त्रातील पीएच.डी.च्या अटी मी सहा वर्षांत पूर्ण केल्या आहेत. अभ्यासक्रमाची परीक्षा, सहामाही प्रगती अहवाल, दोन शोधनिबंध, प्रबंधापूर्वीचा सेमिनार, दुसऱ्याचे लिखाण उचलले नसल्याचा दाखला, सगळे फायलीत आहे. फक्त प्रयोगशाळेतील सहाशे दिवसांच्या हजेरीपैकी पाचशे सत्त्याण्णव भरले आहेत. हत्ती गेला, शेपूट राहिले, आणि ते शेपूट आपल्या टेबलावर आहे.

२. हे तीन दिवस म्हणजे ९, १० व ११ फेब्रुवारी. आधीच्या अकरा प्रयत्नांत फ्लास्कच्या तळाशी नुसता काळा डिंक मिळाला होता, म्हणून बाराव्या खेपेला मी जागची हललेच नाही. हजेरीपट खाली दारापाशी असतो व सही आत येताना करायची असते. मी ८ तारखेला आत गेले ती १२ तारखेला पहाटे बाहेर पडले. मधे बाहेरच गेले नाही, तर आत येऊन सही कधी करणार? ११ तारखेला फ्लास्कमध्ये पिवळे स्फटिक दिसले आणि मी चक्क रडले. प्रबंधाचे चौथे प्रकरण त्यांच्यावरच उभे आहे.

३. त्याच दिवसांबद्दल आपण मला नोटीस दिली होती : विनापरवाना मुक्काम, तसेच वॉटर बाथमध्ये चार अंडी उकडणे. मी घाबरले. मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, मी तिथे नव्हतेच असं लिहून दे, विषय संपला." मी लिहून दिले. आपण माझ्यावर विश्वास ठेवलात, हीच माझी अडचण झाली. आता आपल्या लिपिक बाई विचारतात, "तुम्हीच लिहिलंय ना नव्हते म्हणून? मग हजेरी कशी लावू?" त्यांचे काही चुकत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

४. सबब मी कबूल करते की तिन्ही दिवस मी प्रयोगशाळेतच होते, परवानगी घेतली नव्हती, आणि अंडी माझीच होती. तक्रारीत चार म्हटले आहे. प्रत्यक्षात पाच होती. पाचवे तक्रार लिहिणाऱ्या पहारेकरी काकांनीच खाल्ले. त्याचीही शिक्षा मलाच व्हावी, काकांना नको.

५. तीन दिवस आता भरून काढावेत तर प्रयोगशाळा नळदुरुस्तीसाठी १ डिसेंबरपर्यंत बंद आहे आणि माझ्या नोंदणीची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. मुदत गेली की सहा वर्षे पाण्यात, पुन्हा श्रीगणेशा.

६. माझे वडील शिंपी आहेत. पदवीदानाचा माझा झगा त्यांनी दोन वर्षांपूर्वीच शिवून ठेवला. बसून बसून माझे वजन वाढले, तेव्हा त्यांनी तो दोनदा उसवून सैल केला. परवा ते म्हणाले, "पोरी, आता शिवणीत सोडायला कापड उरलं नाही. या वर्षी उरकून टाक." त्यांच्यापुढे मला रिकाम्या हाताने जायचे नाही.

७. तरी कृपा करून माझा दि. २२ फेब्रुवारीचा खुलासा अमान्य करावा, मला दोषी धरावे व कडक शब्दांत ताकीदपत्र द्यावे. त्यात तिन्ही तारखा स्वच्छ अक्षरात घालाव्यात, म्हणजे लिपिक बाईंना हजेरी लावता येईल. शिक्षा जितकी लवकर होईल तितकी मी आपली ऋणी राहीन.

आपली नम्र अपराधी,
(सही)
दि. २४ नोव्हेंबर

सोबत :
१) प्रयोगवहीची पाने, तासातासाच्या तापमानासह (एका पानावर चहाचा डाग आहे)
२) पिवळे स्फटिक, चिमूटभर (पाहून परत मिळावेत)
३) पहारेकरी काकांचा स्वहस्ते लिहिलेला जबाब : "बाई तिन्ही दिवस आतच होत्या. पाचवं अंडं मी खाल्लं. कपाटात मिठाच्या शंभर बाटल्या, पण चिमूटभर मागितलं तर म्हणाल्या, काका, इथलं काही तोंडात घालायचं नसतं. अळणीच खाल्लं. आता तरी त्यांना डॉक्टर करा."