कामाच्या रकान्यात "काही नाही"

राळेगाव, मंगळवार, संध्याकाळ

आज उजव्या मनगटाचे टाके निघाले, पण तो कागद डोक्यातून जाऊन नाही राह्यला. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात ह्यायनं भरला. काम काय करते? ह्यायनं लिहिलं, "काही नाही, घरीच असते."

घरीच? मंग कापूस कोण वेचते? बोंडाची टोकं रुतली तरी बोटाले कळे नाही, तवा सासूबाई कौतुकानं म्हणे, "हात पक्का झाला तुहा." पक्का कायचा? नस दबली होती मनगटात!

घरी येता येता हे विचारतात, "वेचणीले कधीपासून येशीन?"

घरीच असते ना मी?

डाव्या हाताचं ऑपरेशन बाकी आहे. तो कागद मी भरीन. याच उजव्या हातानं.