नाकासमोर चालणारं घर

सोलापूर, शुक्रवार पेठ
आश्विन शुद्ध द्वादशी

प्रिय महानंदा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आप्पांची घरमोटार अक्कलकोटात तुझ्या मामांच्या दारात उभी असेल, आणि बिरप्पा तिच्या चाकाला लाथ मारून 'आता बगा कशी गरीब झालीया' असं सगळ्या गल्लीला सांगत असेल. पत्र त्याच्याच पटक्यातून आलंय. तुझ्या आप्पांचा ड्रायव्हर असला तरी माणूस तोंडाचा घट्ट आहे. मोटारीत बसायच्या आधी हे वाच. कारण घरी पोचलीस की पहिल्याच घासाला तुझ्या कानावर येईल की संगप्पाला माज आलाय आणि भर दसऱ्याच्या संध्याकाळी त्यानं आप्पांचा अपमान केला. यातलं एक खरं आहे. माज आलाय. तो कशानं आला ते आधी सांगतो, अपमानाचं मागाहून.

तू मामांकडे गेलीस त्याच्या आदल्या दिवशी सिद्धेश्वराच्या देवळामागं मी तुला जे विचारलं, त्यावर तू काय म्हणालीस ते आठवतं? 'आधी आप्पांशी भांडायचं सोड, मग बोल.' एवढंच. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. मी तळ्याच्या कडेनं घरी आलो, चार दिवस जेवलो नाही, आईला, आमच्या अव्वाला, वाटलं कावीळ झाली असेल. आणि पाचव्या दिवशी मी काय केलं असेल? आप्पांशी भांडलो. मुद्दाम नव्हे. तुमच्या लुगड्याच्या दुकानासमोर मोटार उभी होती, आप्पा पायरीवर बसून चनमल्लप्पा अडत्याला सांगत होते की आता हे चालतं घर विकून टाकणार. मी सायकलवरून उतरलो. माझं काही काम नव्हतं. पण विकणार म्हटल्यावर मला राहवेना.

कारण ती मोटार मला आप्पांइतकीच कळते, असं मला वाटायचं. जत्रेजत्रेला लुगडी आणि खण घेऊन फिरणारे व्यापारी खूप. पण पहाटे अंघोळ करून लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे, आणि दुसऱ्याच्या हातचं न खाणारे, आणि तरी गाणगापूरपासून विजापूरपर्यंत माल नेणारे तुझे आप्पा एकटेच. त्यासाठी त्यांनी जुन्या लॉरीवर सुताराकडून लाकडाचं घर बांधून घेतलं. देवाचा कोनाडा, चुलीची जागा, जातं, पाण्याचा तांब्याचा हंडा. सगळं सोलापूर बघायला आलं होतं तेव्हा. मीही आलो होतो, पण मोटार बघायला नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि मग चैत्रात ती त्या वळणावर कलंडायला आली, तुझ्या अव्वा पार्वतम्मा फळीवर आपटल्या, हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या. काचा तूच वेचल्यास. भरल्या कपाळाच्या बाईच्या बांगड्या फुटल्या म्हणून तुझ्या अव्वानं पुन्हा त्या घरात पाय ठेवायचा नाही असं ठरवलं, आणि तेव्हापासून आप्पा एकटेच जत्रेला जातात, स्वतः भाकरी थापतात, त्या कशा होतात ते बिरप्पाला विचार.

तर मी सायकलवरून उतरलो आणि म्हणालो, 'विकू नका. दुरुस्त होईल.' आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चनमल्लप्पांना म्हणाले, 'हे पोर. दीड वर्ष पुण्याला कॉलेजात होतं. काय शिकून आलं, तर मोटारीखाली झोपायला.' माणसं हसली. प्रोफेसरशी वाद घालून मी कॉलेज सोडलं हे खरं, नाक्याजवळ पत्र्याची शेड टाकून मी मोटारीखाली झोपतो हेही खरं, पण 'हे पोर' म्हटल्यावर माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी म्हणालो, 'मी खाली झोपतो, पण तुमचं घर दारू प्यायल्यासारखं चालतंय, आप्पा.' महानंदा, तुला तिथं बघायला हवं होतं. नको, बरं झालं नव्हतीस. तुझ्या आप्पांच्या, मडिवाळप्पांच्या दारात दारू हा शब्द! चनमल्लप्पांनी पानाचा डबा मिटला. आप्पा उठून उभे राहिले, आणि अगदी हळू म्हणाले, 'दसऱ्याला मी मोटारीची पूजा करतो. त्याआधी ती नाकासमोर चालली तर पूजा, नाहीतर तिथंच विकली.' मी म्हणालो, 'चालली नाही तर मी पान्याला हात लावणार नाही. बापाच्या दुकानात गूळ तोलीन.' असं मी तुझं ऐकलं.

पहिल्या खेपेला मी काय करावं? ताकद लावली. मागच्या कमानपाट्यांत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, दोन जाड पाटे जास्त घातले. डुलते ना, मग ताठ करू. ताठ झाली, आणि जात्यातल्या दाण्यांसारखे आमचे दात हलले. शिवाय मागची बाजू वर उचलली गेली, तोंड खाली झुकलं, आणि स्टेरिंग आधीपेक्षा वाईट. होटगी रस्त्याला बिरप्पा एकीकडं फिरवतो, मोटार दुसरीकडं जाते. एका शेताच्या बांधावर जाऊन थांबलो. बिरप्पा म्हणाला, 'बैल बी आसं करत न्हाई ओ. बैल निदान घरला तरी जातंय.' ही गोष्ट पेठेत आमच्या आधी पोचली. दोन दिवस लोक मला 'बांधावरचे इंजिनिअर' म्हणत होते. मी कोणाला मारलं नाही. एकालाच.

मग मी रागानं दोन्ही पाटे काढून टाकले आणि नुसता बसून राहिलो. बिरप्पा जत्रेचा माल भरत होता, नेहमीसारखा. आधी जातं, अगदी मागच्या दाराशी. मग तांब्याचा हंडा, तोही मागं. ज्वारीची पोती छपरावर, मागच्या टोकाला. मी म्हटलं, 'अरे, सगळं मागंच का?' तो म्हणाला, 'म्होरं जड केलं तर बैलाची मान मोडत्याय की.' मी म्हटलं, 'बैल कुठाय?' तर इंजिनावर थाप मारून म्हणतो, 'ह्यो काय मग?' हसू नकोस. मोटार हाकायच्या आधी वीस वर्षं त्यानं आप्पांच्या गाड्या हाकल्या आहेत, आणि गाडी भरायची हीच रीत. उलाळ भरायची, मागं जड, म्हणजे जू मानेवर हलकं बसतं. आप्पांनीही घर बांधताना सुताराला तेच सांगितलं होतं, चूल मागं, कोनाडा पुढं. आणि मी, सहा महिने त्या मोटारीभोवती घिरट्या घालणारा, मलाही त्यात काही चूक दिसली नव्हती, कारण माझे आजोबाही गाडीवान. मोटारीला मान नसते महानंदा, पण पुढच्या चाकांवर वजन नसलं की ती जमिनीला नुसती चाटत जातात, धरत नाहीत. मग फिरवा किती फिरवायचं ते.

त्या दिवसापासून मला झोप नव्हती, पण ते जागणं चांगलं होतं. छपरावरचं सगळं खाली आणलं. हंडा मागच्या चाकांच्या पुढं, घराच्या तळाखाली लोखंडी पट्ट्यांत टांगला. जातं ड्रायव्हरच्या पाठीशी. मग स्टेरिंगचं घर उघडलं. आत एवढा ढिलेपणा की चक्र पाव फेरा फिरेपर्यंत चाकाला पत्ताच नाही. सांध्यांच्या वाट्या नवीन, पुढची चाकं ज्या खिळ्यांवर वळतात त्यांची बुशं झिजून अंडाकृती झाली होती ती लेथवर करून घेतली. पुढच्या दोन चाकांची तोंडं किंचित एकमेकांकडं वळलेली हवीत. ती मी खडू आणि सुतळीनं मापली, आमच्या अव्वाच्या रांगोळीच्या सुतळीनं, तिला अजून माहीत नाही. डुलणं थांबवायला चारही चाकांशी लोखंडी हात बसवले आणि त्यांच्यामध्ये गिरणीच्या जुन्या पट्ट्याच्या चामड्याच्या चकत्या घट्ट आवळल्या. पाटा उसळायला लागला की चामडं त्याला धरतं, हळूच सोडतं. विलायतेत असली वस्तू विकत मिळते म्हणे. सोलापुरात मी केली.

आणि शेवटचं, ज्याचा मला सगळ्यात अभिमान आहे ते तुला नीट सांगणार, कारण त्यात तू आहेस. मी तुमच्या घरासमोरून दोन्ही हात सोडून सायकलवर जायचो. तू खिडकीत यायचीस आणि तोंड फिरवायचीस. पण सायकल पडायची नाही, का? मला कधी प्रश्न पडला नव्हता. शेडमध्ये सायकल भिंतीला टेकलेली बघत बसलो आणि लक्षात आलं: पुढच्या चाकाचा दांडा उभा नसतो, तिरपा असतो. त्यामुळं चाक आपणहून मागं ओढत येतं, सरळ होतं. मोटारीच्या चाकाचा खिळाही तसाच तिरपा हवा, आणि आप्पांच्या मोटारीत तो जवळजवळ ताठ होता. पुढच्या आसावर कमानपाट्यांखाली मी लोखंडाच्या पाचरी घालून तो मागं कलवला. जाड बाजू कुठल्या तोंडाला ठेवायची हे चुकलं असतं तर होटगीचा बांध पुन्हा. चुकलं नाही. मोटार बाहेर काढली, वळवली, चक्र सोडलं, आणि ते माझ्या हातांशिवाय फिरत फिरत आपल्या जागी आलं. मी बिरप्पाला मिठी मारली. तो म्हणाला, 'सोडा की, ग्रीस लागतंय.'

खंडेनवमीच्या सकाळी आप्पा आले. मी म्हटलं, बसा. ते म्हणाले, मी एकटा नाही, हीपण. मागं पार्वतम्मा उभ्या होत्या, नव्या बांगड्या घालून. कोणी त्यांना समजावलं, मला अजून कळलेलं नाही. मी तरी नाही, मला हिंमत नव्हती.  मोटार कलंडली असती तर मला गूळ तोलायलाही कुणी ठेवलं नसतं. बिरप्पा हाकत होता, मी शेजारी, आप्पा मागं त्यांच्याजवळ. वळसंगच्या अलीकडचा उतार तुला माहीत आहे, खाली वळण आणि दोन्हीकडं काळी माती. चैत्रातलं वळण ते हेच. बिरप्पानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, 'हळू करू नको.' आणि घर उतरलं, महानंदा, पालखी उतरावी तसं. वळलं, आणि बिरप्पानं चक्र सैल सोडलं, आणि ते सरळ झालं. मागून बांगडी फुटल्याचा आवाज नाही. मी वळून बघायचं धाडस केलं नाही. वळसंगला थांबलो तेव्हा पार्वतम्मा स्वतः खाली उतरल्या, दोन्ही हात पुढं करून एकदा वाजवले, बांगड्या किणकिणल्या, आणि मला म्हणाल्या, 'चलो आतु, तम्मा.' छान झालं, बाळा.  आप्पा चाकाजवळ वाकले, चामड्याच्या चकतीवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, 'हे काय आहे, संगप्पा?' संगप्पा. पोर नाही. मी ते नाव पुन्हा ऐकावं म्हणून मुद्दाम ऐकू आलं नाही असं केलं.

आता अपमानाचं. दसऱ्याला पूजा झाली, झेंडूचे हार झाले. संध्याकाळी मी आप्पांना सोनं द्यायला गेलो. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, पाया पडलो. सगळी मोठी माणसं बसली होती. आप्पा म्हणाले, 'उद्यापासून तू माझ्याकडं राहा. मोटार तुझ्या हाती. पगार, दोन वेळचं जेवण, वर्षाला धोतरजोडी.' चनमल्लप्पा म्हणाले, नशीब काढलंस. आमचे बाबा इतके खुश झाले की उठून उभे राहिले. आणि मी म्हणालो, नाही. इतकंच, भांडलो नाही, आवाजही चढवला नाही. आप्पांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, हातातली पानं त्यांनी जाजमावर ठेवली, आणि बाबांना म्हणाले, 'तुझ्या पोराला माज आलाय.' बाबा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

कारण तिथं सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुझ्या घरचा पगार घेतला की मी तुझ्या घरचा नोकर झालो. तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात जेवणार, तुझी ट्रंक उचलणार, आणि एक दिवस वरातीला मोटार धुऊन तुला दुसऱ्या कुणाच्या गावी सोडून येणार. नोकरानं घरची मुलगी मागितली तर त्याला हाकलतात, आणि मला वाटतं बरोबरच करतात. मला तुझ्या दारात पाना घेऊन उभं राहायचं नाही. येत्या सोमवारी आमची अव्वा तुमच्याकडं येणार आहे, पूजेनंतर, तुला मागायला. बाबा येवोत न येवोत. शेडमध्ये काम येतंय, वळसंगच्या उतारानंतर तीन लॉऱ्या येऊन गेल्या, पोट भरेन एवढं मी सांगू शकतो, जास्त नाही. आप्पा कदाचित ओरडतील. मी अंगणात उभा असेन आणि मी उलट बोलणार नाही, हे तुझ्यासाठी शिकलो आहे; पण त्यांनी मला विचारलं तर नोकरी का नाकारली ते मात्र सगळ्यांसमोर सांगणार. तुला हे नको असेल तर मोटारीत येता येताच पार्वतम्मांना सांग. त्या तुला आणायला आल्याच आहेत, आणि त्या आप्पांना सांगतील, मग आमच्या अव्वाला तेवढा अपमान सोसावा लागणार नाही. आणि हवं असेल तर, महानंदा, देवळामागं बोललीस तसं अर्धं बोलू नकोस. घरी पोचल्यावर आप्पांसमोर उभी राहा आणि तोंडानं सांग.

तुझा म्हणवून घ्यायची घाई झालेला,
संगप्पा