दिवसा सोडायच्या गोष्टी

१२ नोव्हें., बुध. चंद्रपूर

आईची पाचवी गोष्ट आज रेकॉर्ड झाली. खिडकीला गोधड्या टांगल्या तरी एक ऑटो आत शिरलाच. समोर कोणी हुंकार दिल्याशिवाय आईला पुढचं सुचत नाही, म्हणून पाचही गोष्टींत माझं "हूं... हूं..." आहे. नवरा, प्र., म्हणाला, ते कापून टाकतो. म्हटलं, हात लावून बघ.

नवऱ्याने जन्मभर वीज केंद्रात लोकांच्या पाळ्या लावल्या. रिटायर झाल्यापासून हात शिवशिवत होते, आता सासूच्या गोष्टींना पाळ्या लावल्यात. पॉडकास्टचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. पहिला भाग ५ डिसें., मग दर शुक्रवारी एक, सकाळी सात. लोक कामावर जाताना बसमध्ये ऐकतात म्हणे.

१४ नोव्हें., शुक्र.

चहा घेताना प्र. ने आईला तक्ता वाचून दाखवला. 'सकाळी सात' ऐकून आईने कप खाली ठेवला.

"सकारी? दिवसा गोष्ट सांगते का कोनी? आयकनाऱ्याचा मामा वाट चुकते."

प्र. हसला. "आई, तुम्ही तर दिवा लावल्यावरच सांगितल्या. आम्ही फक्त सोडतोय."

"आयकनारा तं दिवसाच आयकन ना, जवाईबापू?"

मला हसू आलं नाही. उठून भांडी घासत बसले.

१५ नोव्हें., शनि.

लिहूनच टाकते. वडस्याला होतो तेव्हा. मी नऊ वर्षांची. खळ्यावर धान आलेलं, भर दुपार, आई सुपाने पाखडत होती. मी पाय आपटून हट्ट धरला, गोष्ट सांग, आत्ता सांग. आईने सांगितली. कोल्ह्याची होती.

त्याच आठवड्यात शालिकमामा वडस्याहून गाडीत बसला तो आलाच नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आईचा एकुलता एक भाऊ, आमच्याकडेच राहायचा. मंडईच्या जत्रेला मला खांद्यावर बसवून न्यायचा, मुरमुऱ्याचा लाडू आधी स्वतः चावून बघायचा, कडक असला तर फोडून द्यायचा. त्याच्या तेलाचा वास अजून आठवतो. किती चांगले दिवस होते ते, आणि मी एका गोष्टीपायी घालवले, असं मला कित्येक वर्षं खरंच वाटत होतं. अजूनही थोडं वाटतं. कोणालाच सांगितलेलं नाही.

त्यानंतर आईने दिवसाउजेडी कधीच गोष्ट सांगितली नाही.

१९ नोव्हें., बुध.

नवा तक्ता. रविवार, संध्या. ७. आईला दाखवला तर म्हणे, एकदा सोडली का मंग कवाही आयकतेत ना? प्र. वैतागला. "मग काय हजेरी घेऊन ऐकवायचं? अंधश्रद्धा नुसती!" मी म्हटलं, पुसून टाक सगळ्या. वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिघंही वेगवेगळ्या वेळी जेवलो. तक्त्यावर प्र. ने काट मारली आहे.

२३ नोव्हें., रवि.

सकाळी आईबरोबर वालाच्या शेंगा सोलत होते. एकदम बोलून गेले. आई, त्या दिवशी खळ्यावर हट्ट मीच केला होता.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुले आठवते? मले वाटलं, तू इसरली."

मग म्हणाली, "नऊ वर्साच्या पोरीचा काय दोस? शालिकले मी बोलली होती. बसून खातेस, म्हटलं. भरल्या ताटावर म्हटलं." बराच वेळ शेंगाच सोलत राहिली. "मंग गोष्टीवर ढकललं. गोष्ट काई उलटून बोलत नाई."

मी तिचा हात धरला. दोघी रडलो. एवढी वर्षं एकाच माणसासाठी दोघी वेगवेगळ्या कोपऱ्यात रडत होतो. राग आला, तिचाही आणि माझाही. शेंगा अर्ध्या तशाच राहिल्या.

२८ नोव्हें., शुक्र.

आई स्वतः प्र. ला म्हणाली, "सकारीच सोडा. पयलेसारखं."

प्र. माझ्याकडे बघायला लागला. मी विचारलं, आणि मामा?

"तो तं चुकलाच हाये. चुकलेला मानूस अजून एकडाव चुकला, तं घरी बी येऊ शकते."

प्र. ने तक्ता नव्याने लिहिला. अक्षर नेहमीपेक्षा नीट काढलंय.

३ डिसें., बुध.

आईने सहावी गोष्ट सांगितली. दुपारी बारा वाजता, खिडकी उघडी ठेवून. कोल्ह्याचीच. हीच पहिली सोडा म्हणाली. मी हुंकार देत होते, दोनदा राहिला, तेव्हा प्र. ने दिला.

गोष्ट संपल्यावर प्र. बटण दाबणार तेवढ्यात आई माइकला म्हणाली, "शालिक, वडस्याचं घर इकलं बाबू. तिथी नोको जाजो." आणि आमचा इथला पूर्ण पत्ता सांगितला. गल्ली, घर नंबर, दाराचा रंगसुद्धा. "जेवून जाजो," म्हणाली.

४ डिसें., गुरु.

दिवसभर तेच. प्र. म्हणतो, घराचा पत्ता असा जगाला सांगत नाहीत, कोणीही दारात उभा राहील, मामा म्हणवून घेईल. त्याचं चूक नाही. मामा असला तर सत्तरीच्या पुढे असेल. आमच्यापैकी कोण ओळखणार त्याला?

आईला विचारलं, पत्ता काढून टाकला तर चालेल?

"मंग तो येईन कुठी?"

प्र. ने दोन्ही फायली तयार ठेवल्यात, पत्त्याची आणि बिनपत्त्याची. कोणती लावायची ते मी सांगायचं आहे. वेळ लावून झाली, उद्या सकाळी सात. आई आत्ताच तांदूळ निवडायला बसली आहे. चौघांचे घेतलेत.